पिकल्या हरभऱ्यात पाणी

१

कॅमेरा तळ्यात नव्हता.

मुकेश फोटोवाला सकाळपासून उकंडराव गावंडे यांच्या शेततळ्यात बुड्या मारत होता. तळाची प्लास्टिकची पन्नी त्यानं हातानं चाचपली, गाळ पायानं ढवळला, कोपरान् कोपरा पालथा घातला. हाती लागली ती नवरीच्या घागऱ्याची सुटलेली जरीची पट्टी आणि कोणाची तरी एक चप्पल. शेवटी तळ्याच्या मधोमध, छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "नाही हो बाई. कोणीतरी नेला."

काठावर वैजयंती राऊत छत्री धरून उभ्या होत्या. पोलीस खात्यातून उपनिरीक्षक म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीच्या काळात माणसांविषयीचा त्यांचा आदर एकदा जो उतरला, तो पुन्हा चढला नव्हता. समोरचा देखावा पाहून तो चढण्याची शक्यताही नव्हती.

तळ्याच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स झळकत होता. त्यावर काळा गॉगल लावलेला हरीओम, म्हणजे उकंडरावांचा एकुलता मुलगा आणि वैजयंतीबाईंच्या भाचीचा, निकिताचा, होणारा नवरा. खाली लिहिलं होतं: 'जलवीर हरीओमभाऊ यांचा भव्य सत्कार'. आजूबाजूला शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, एकापेक्षा एक मठ्ठ.

घडलं होतं ते असं. लग्नाआधी पाण्याखाली फोटो काढायची टूम आता आसेगावपर्यंत पोचली होती. समुद्र नाही तर नाही, शेततळं तर आहे. म्हणून गेल्या शनिवारी शेरवानी घातलेला हरीओम आणि घागरा नेसलेली निकिता या हिरव्या पाण्यात उतरले, आणि मुकेश त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन उतरला. तळ्याच्या उताराला पन्नी असते, शेवाळानं ती साबणासारखी होते. दोघं घसरून खोलात गेले. निकिता नाकातोंडात पाणी जाऊन अर्धमेली झाली, रात्रभर मंगरूळपीरच्या दवाखान्यात राहिली. हरीओमनं जिवावर उदार होऊन तिला वाचवलं, असं त्यानं स्वतःच सांगितलं. गावानं लगेच फ्लेक्स छापायला टाकला. आणि त्या गडबडीत पाण्यात पडलेला मुकेशचा कॅमेरा आता गायब होता.

"तुमी पोलिसात होत्या, इहीणबाई," उकंडराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "त्या संघदीपच्या तोंडातून काढा. चोर तोच हाय. त्याच दिवशी संध्याकाळी फाटकाशी घुटमळून राह्यला होता. उद्या सत्कार आटोपला की मी त्याले ठाण्यात देतो."

"मंग मले कायले बोलावलं? तुमचा निकाल तर लागलाच हाय."

"तुमच्यासारखं विचारता येत नाही ना आमाले."

वैजयंतीबाईंनी छत्री मिटली. "विचारतो मी. पण ज्याले विचारायचं त्याले विचारीन. मधात बोलायचं नाही."

२

मुकेश पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे टॉवेल गुंडाळून बसला होता. वाशीमात त्याचा स्टुडिओ होता. बोलताना तो सारखा 'सिनेमॅटिक' म्हणायचा, आणि दर वेळी वैजयंतीबाईंच्या कपाळाला एक आठी पडायची.

"दोघं घसरले तवा तू काय केलं?"

"कॅमेरा सोडला बाई, अन् ट्यूब आणायले वर गेलो."

"ट्यूब त्या काठाले टांगून होती. तू या काठानं चढला. इकडे तर तुह्यी गाडी उभी होती."

मुकेशनं मान खाली घातली. "घाबरलो होतो. पण मंग गेलो मी ट्यूबकडे, आईशप्पथ. फेकली. तोपर्यंत हरीओमभाऊ शिडीपाशी आले होते, ताई त्यायच्या मागं पाण्यात होत्या. त्यायनंच आणल्या असतील."

"असतील. म्हणजे तू पाह्यलं नाही."

"नाही."

"कॅमेऱ्यानं?"

"तो तर बुडाला ना बाई. तसा पाण्यात चालते तो, डब्यात होता."

डब्याची हकिकत त्यानं मग सांगितली. पाण्यात न्यायचा कॅमेरा जाड, हवाबंद डब्यात घालावा लागतो. मुकेश त्याला हाउसिंग म्हणे, बाकी सगळे डबा म्हणत. हा डबा त्यानं पुण्याच्या एका माणसाकडून जुना घेतला होता, आणि तो दुसऱ्याच कॅमेऱ्यासाठी बनलेला होता. मुकेशच्या कॅमेऱ्याचं बटण भलत्या जागी. डब्याची दांडी बाहेरून दाबली की आत ती रिकाम्या जागेवर टेकायची. तेव्हा त्यानं तो संघदीपकडून जुळवून घेतला.

संघदीपचं दुकान आसेगावच्या रस्त्यावर होतं. बाहेर फवारणी पंपांची रांग, आत मोटारींची गुंडाळी, आणि मागच्या टेबलावर अकोल्या-अमरावतीपासून आलेले फोटोग्राफरांचे मोडके संसार. संघदीप वानखडे डिप्लोमा झालेला होता, हातात कसब होतं आणि तोंडावर अजिबात लगाम नव्हता. वैजयंतीबाई आत गेल्या तरी तो खुर्चीवरून उठला नाही.

"उकंडरावानं पाठवलं का?"

"पाठवलं त्यानं. आली मी माह्या पायानं. डब्यात काय केलं तू, ते सांग."

त्यानं पितळेचा एक वाकवलेला तुकडा टेबलावर टाकला. "डब्यात बसवला तसाच दुसरा हाय हा. बाहेरची दांडी याले ढकलते, हा फिरते, अन् याचं नाक बटणावर बसते. साधं काम. पण स्प्रिंग फवारणीच्या गनची होती, नरम. मी मुकेशले सांगितलं, कडक येऊ दे, चार दिवस थांब. त्याले घाई."

"नरम असली तर काय होते?"

"वर काहीच होत नाही. खोलात गेलं की पाण्याचाच दाब दांडी आत ढकलते. मंग कोणी हात नाही लावला तरी फोटो निघत राह्यते. टकटक, टकटक, कार्ड भरतवरी."

वैजयंतीबाईंनी तो पितळी तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "तळाशी पडला तर काच कोणत्या अंगाले राहील?"

"वरच. पुढं काचेचा घुमट हाय, साऱ्यात जास्त हवा तिथं. तोंड वर करूनच बसते."

"हे कोणाकोणाले माहीत?"

"मले, अन् मुकेशले. त्याच्या टाळक्यात शिरलं असंल तर."

"अन् डबा उघडायचा कसा?"

"खालची पिन ओढल्याबिगर झाकण निघत नाही. मुकेशले जमत नाही, दर वेळेस माह्याकडे घेऊन येते. फोडायचा म्हणाल तर ट्रकखाली घाला."

"शनिवारी संध्याकाळी फाटकाशी कायले गेलता?"

संघदीपचा चेहरा कडवट झाला. "मुकेशचा दवाखान्यातून फोन आला, कॅमेरा काढून दे. मले पोहता येते. गेलो. फाटकाले कुलूप, आत मोटर चालू. हाका मारल्या, मोटरीच्या आवाजात कोणाले ऐकू जाते? वापस आलो. रस्त्यानं कोणीतरी पाह्यलं. आमच्यासारख्याले तेवढं पुरते."

दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता वैजयंतीबाई थबकल्या. ज्या दिवशी घरची सून होणारी पोरगी दवाखान्यात पडली, त्या संध्याकाळी उकंडरावांच्या वावरात मोटार चालू करून कोण बसलं होतं?

३

उत्तर वावरातच सांडलेलं होतं.

तळ्याला लागून हरभऱ्याचं वावर होतं. झाडं वाळून पिवळी झालेली, सोंगणीला आलेली. आणि त्या वाळल्या पिकाच्या बुडाशी काळा चिखल. खालचे घाटे कुजून काळे पडले होते. वैजयंतीबाईंचा बाप शेतकरी होता. पिकलेल्या हरभऱ्याला पाणी देणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"ऑटो स्टार्टर हाय ना," उकंडराव हळहळत म्हणाले. "लाइन आली की मोटर आपोआप चालू होते. शनिवारी आमी सारे दवाखान्यात, बंद कोण करंल?"

"अन् वॉल्व? तोही आपोआप उघडला?"

उकंडरावांचा हात मिशीकडे गेला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे वैजयंतीबाईंनी ओळखलं. या माणसाला स्वतःच्या मिशीपलीकडचं फारसं काही माहीत नसायचं.

ओसरीवर हरीओम वाटच पाहत होता. सावलीत बसूनही गॉगल होता. आपली शौर्यगाथा तो आतापर्यंत एका बातमीवाल्याला, दोन पुढाऱ्यांना आणि अख्ख्या भावकीला सांगून चुकला होता. ती आता गुळगुळीत झाली होती.

"मी खालून गेलो, आत्या. पूर्ण खालून. तिच्या कमरेत हात घातला अन् अशी वर फेकली. डोळे उघडे होते माह्ये. सारं क्लिअर दिसून राह्यलं होतं."

"पोहणं कुठं शिकला?"

"इथंच. आपल्या इहिरीत. लहानपणापासून."

चहा घेऊन आलेल्या कस्तुराबाई, हरीओमच्या आई, दारात थांबल्या. "कोणत्या इहिरीत रे?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "तू तर काठाशी..."

"तू चहा दे," उकंडराव म्हणाले.

कस्तुराबाईंनी कप ठेवले आणि आत गेल्या. बोलणं अर्धं ठेवून आत जायची त्यांना बरीच वर्षं सवय असावी.

"निकिता दवाखान्यात होती तवा तू कुठं होता?" वैजयंतीबाईंनी बशीत चहा ओतत विचारलं.

"मी तिच्या उशाशीच होतो. संध्याकाळी बाबांनी घरी पाठवलं, आराम कर म्हणून. आलो अन् झोपलो."

"मोटरीचा आवाज नाही आला?"

"झोपलो होतो ना, आत्या."

"मुकेशच्या कॅमेऱ्याचं काय झालं असंल, तुले काय वाटते?"

हरीओमनं गॉगल काढला, पुसला, परत लावला. "संघदीपनं नेला, अजून काय. अन् नाही सापडला तरी काय बिघडते? त्यात होतं तरी काय?"

वैजयंतीबाईंनी चहा संपवला. कॅमेरा हरवला म्हणून सारं गाव हळहळत होतं, ते महागाची वस्तू म्हणून. त्यात काय होतं, हा प्रश्न आतापर्यंत गावात कोणाच्याही डोक्यात आला नव्हता.

४

त्या रात्री वाशीमच्या घरी निकिता केस विंचरायला बसली, आणि उजवा हात वर नेताना कळवळली.

निकिताचे आईवडील ती लहान असतानाच गेले. आत्यानं तिला वाढवलं, फार्मसी शिकवली, आणि स्थळ मात्र तिनं स्वतः पसंत केलं. हरीओम चांगला बोलायचा, हसवायचा. वैजयंतीबाईंना तो पहिल्या दिवसापासून पोकळ वाटला होता, पण त्यांना सगळेच पोकळ वाटत, त्यामुळे त्या गप्प बसल्या होत्या.

"दाखव खांदा."

खांद्यावर, मानेच्या अगदी जवळ, जांभळा डाग होता. मोठा आणि लांबट.

"दवाखान्यात पाह्यला का कोणी?"

"डॉक्टर म्हणे, वाचवताना लागलं असंल. हरीओमनं ओढलं ना मले."

"तो म्हणते, कमरेत हात घातला. खालून."

"मले काही आठवत नाही, आत्या. डोळे गच्च मिटले होते. पाणी, अंधार, अन् अंगावर एकदम वजन आलं. एवढंच."

"आठव. पाण्यात दिसलं नाही, ऐकू आलं असंल."

निकितानं फणी खाली ठेवली. "टकटक वाजत होतं," ती म्हणाली. "एकसारखं. लय जवळून. मले वाटलं, माह्यंच काळीज हाय."

वैजयंतीबाई उठून खिडकीशी गेल्या. पोरीला काय सांगायचं, किती सांगायचं, हे त्यांना उभ्या नोकरीत कधी इतकं अवघड गेलं नव्हतं.

"उद्या सत्काराले येशील?"

"येणारच. माह्याच जिवासाठी सत्कार हाय त्याचा."

"मंग जेवून घे नीट. अन् उद्या मी बोलीन तवा तू मधात उठून जाऊ नको."

५

सत्काराला अजून तासभर होता. अंगणात मांडव सजला होता. मोठा पडदा लावला होता, त्यावर हरीओमचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे होते. त्यासाठी मुकेश लॅपटॉप घेऊन आला होता. उकंडरावांनी त्याला कॅमेऱ्याचा शोध लागेल असं सांगून फुकटात राबवायला घेतलं होतं.

वैजयंतीबाईंच्या गाडीतून निकिता उतरली, आणि मागोमाग संघदीप.

"हा कायले?" उकंडराव म्हणाले.

"माह्यासोबत आला. खुर्ची द्या त्याले. तुमाले चोर पाह्यजे होता ना, बसा सारे. माणसं येण्याआधी आटपून टाकू."

उकंडराव, कस्तुराबाई, हरीओम, मुकेश, संघदीप आणि निकिता, सगळे ओसरीवर बसले. वैजयंतीबाई उभ्याच राहिल्या.

"शनिवारी कॅमेरा खोलात पडला तवा तो बंद नव्हता. संघदीपनं लावलेली स्प्रिंग नरम होती. तळाशी पाण्याच्या दाबानं बटण दबलं अन् कॅमेरा फोटो काढत राह्यला, काच वर करून. म्हणजे वर काय चाललं होतं त्या साऱ्याचे फोटो त्यात हायेत."

मुकेशनं कपाळावर हात मारून घेतला. संघदीपनं त्याच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"आता कॅमेरा कोणाले नकोसा होता? ज्याले हे फोटो माहीत होते त्याले. या दोघांले स्प्रिंग माहीत होती. मुकेशले ते फोटो विकता आले असते, तो कायले लपवील? संघदीपले पोहता येते. एक बुडी मारून त्यानं डबा काढला असता, पिन ओढून कार्ड घेतलं असतं अन् डबा परत टाकला असता. कोणाले कळलंही नसतं. मंग तिसरा कोण? पाण्यात आवाज लांबवर जाते. निकितानं टकटक ऐकली, तिले वाटलं काळीज हाय. तिच्यासोबत पाण्यात अजून एकच कान होता."

हरीओम हसला. त्या हसण्यात जीव नव्हता. "आत्या, तुमी काहीही बोलून राह्यल्या. म्हणजे मी बुडी मारून कॅमेरा चोरला?"

"नाही. तुले बुडी मारता येत नाही."

अंगणात मांडववाल्यानं माईक तपासायला सुरुवात केली. हॅलो, हॅलो, असा आवाज दोनदा येऊन गेला.

"तळ्याच्या मधात दोन पुरुष पाणी असते," वैजयंतीबाई पुढं म्हणाल्या. "काल मुकेश तिथंच उभा होता, छातीएवढ्या पाण्यात. त्याच्या ध्यानात आलं नाही, ती त्याच्या अकलेची गोष्ट. बाकीचं पाणी कुठं गेलं? हरभऱ्यात. उकंडराव, पिकल्या हरभऱ्यात पाणी कोणता शेतकरी सोडते? ज्याले पीक नको, तळ्याचा तळ पाह्यजे होता, तो. ज्याले पोहता येते तो बुडी मारते. ज्याले पाण्याचं भ्या वाटते, तो अख्खं तळं उपसते. शनिवारी संध्याकाळी दवाखान्यातून घरी येऊन झोपलेला एकच माणूस होता."

उकंडरावांनी पोराकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"खोटं हाय," हरीओम म्हणाला. "कॅमेरा कुठं हाय मंग? फोटो दाखवा. या संघदीपनंच नेला. मी आईची शप्पथ घेऊन सांगतो, मी त्या तळ्याकडे गेलोच नाही."

कॅमेरा वैजयंतीबाईंकडे नव्हता. तो कुठं आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. घर मोठं, गोठे दोन, वावरं चार. त्या बोलायच्या थांबल्या, आणि हरीओमच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

तेवढ्यात कस्तुराबाई उठल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

६

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात युरियाचं रिकामं पोतं होतं. लुगड्याला कुटाराचा भुसा लागला होता. पोतं त्यांनी हरीओमच्या पायाशी ठेवलं. त्यातून डब्याची काच डोकावत होती.

"म्हशीले कुटार टाकायले गेलती, रविवारी," त्या म्हणाल्या. "हाताले लागलं. मले काही समजलं नाही, पण तूच ठेवलं हे समजलं. वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. माह्यी शप्पथ कायले खाते रे?"

हरीओमनं पाय मागे घेतले. गॉगल त्यानं कधी काढून हातात घेतला होता, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

संघदीपनं डबा उचलला, पिन ओढली, झाकण उघडलं. आत पाण्याचा टिपूस नव्हता. "सील चांगलं बसवलं होतं मी," तो कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. मुकेशनं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं.

शेकडो फोटो होते, बहुतेक रिकाम्या हिरव्या पाण्याचे. पण सुरुवातीचे स्वच्छ होते. वर उन्हानं चमकणारं पाणी, त्याखाली फुलासारखा उघडलेला घागरा. मग शेरवानी. मग मोजडी घातलेला एक पाय निकिताच्या खांद्यावर. पुढच्या फोटोत दुसरा पाय तिच्या पाठीवर, आणि शेरवानीवाला वर निघालेला. त्याच्या पुढच्यात तो शिडीला लटकलेला आणि ती खाली, एकटी. मग ट्यूबची काळी गोलाई, आणि तिच्याकडे वर गेलेला निकिताचा हात. ट्यूब तिनं स्वतः धरली होती. जवळपास कोणी नव्हतं.

कस्तुराबाईंनी फोटो पाहिले नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

निकितानं सगळे पाहिले, सावकाश. मग हरीओमला विचारलं, "मी खाली आहो, तुले माहीत होतं?"

"मी घाबरलो होतो."

"ते नाही विचारलं. माहीत होतं का?"

तो म्हणाला, "हो."

"घाबरला ते मी समजू शकतो. मीही घाबरली होती. माह्या हाताशी कोणी असतं तर मीही काय केलं असतं, कोण सांगंल?" ती आता हरीओमकडेच पाहत होती. "पण दवाखान्यात माह्या उशाशी बसून तू मले सांगत होता, मी तुले वाचवलं. अन् मी तुहा हात धरून थँक यू म्हणत होती. रडत होती मी. तू रडू दिलं."

फाटकाशी गाड्या थांबल्याचे आवाज आले. पाहुणे येऊ लागले होते.

७

वैजयंतीबाई लॅपटॉपकडे सरसावल्या. "मुकेश, पडद्याले जोड हे. जलवीर पाहू दे गावाले."

"नाही, आत्या." निकितानं कार्ड काढून मुठीत धरलं. "फोटो माहा हाय. माह्याच खांद्याचा हाय. तो गावाले दाखवायचा की नाही, मी ठरवीन."

उकंडराव हात जोडून पुढं आले. मिशी तशीच होती, तिच्यामागचा माणूस मात्र आक्रसला होता. "पोरी, घरातली गोष्ट घरात राहू दे. उपकार होतील."

"राहू देतो, काका. पण माईकवर तुमी एक सांगायचं. संघदीपनं चोरी केली नाही, कॅमेरा तुमच्याच गोठ्यात सापडला. अन् हे लग्न होत नाही. कारण सांगू नका. तेवढं मी तुमच्यावर सोडतो. नाही सांगितलं तर पडदा लावलेलाच हाय."

वैजयंतीबाईंनी भाचीकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

मांडव भरला. पहिल्या रांगेत शुभेच्छुक आपापल्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांसह येऊन बसले. उकंडराव माईकपुढं उभे राहिले. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. "आमच्या गोठ्यात कॅमेरा सापडला हाय," ते म्हणाले. "संघदीप वानखडेवर आमी आळ घेतला, तो खोटा होता. त्यानं काही नेलं नाही. अन् हरीओमचं लग्न... ते आमी दोन्ही घरांनी मोडलं हाय."

पहिल्या रांगेतल्या एका पुढाऱ्याचं मोबाइलमध्ये लक्ष होतं. भाषण संपलं एवढंच त्याला कळलं, आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. तो वाजवतो म्हणून शेजाऱ्यानं वाजवल्या. मग सगळ्या मांडवानं वाजवल्या. मागं खुर्चीवर बसलेला संघदीप पहिल्यांदा हसला, आणि उठून चालू लागला.

कारण कोणी सांगितलं नाही, त्यामुळे गावानं आपलं कारण तयार केलं. पोरानं जीव वाचवला आणि पोरगी फिरली. शिकलेल्या पोरी अशाच असतात. हे बोलणं फिरत फिरत वाशीमला पोचलं की वैजयंतीबाई संतापून कार्ड मागत. "एक फोटो पाठवतो फक्त. एकच." निकिता देत नसे. "बोलू दे, आत्या. ज्याले माहीत पाह्यजे त्याले माहीत हाय."

चैत्र सरता सरता एका दुपारी दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. एकट्याच, एसटीनं आलेल्या. घरी सांगून आल्या होत्या की नाही, ते कोणी विचारलं नाही.

"तो फोटो पाह्यचा हाय मले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हिंमत झाली नाही."

निकितानं कपाटातून कार्ड आणलं, लॅपटॉप उघडला, आणि तो एक फोटो समोर ठेवून बाजूला बसली. कस्तुराबाईंनी चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं. पदराचं टोक तोंडाशी गेलं, पण त्या रडल्या नाहीत.

"खाली तू हाय?"

"हो."

"अन् वर तो."

"हो."

कस्तुराबाईंनी चष्मा काढून त्याची घडी केली. "आता घरी कोणी काही म्हणलं तर मले सांगता येईल," त्या म्हणाल्या. "पाह्यलं म्हणून सांगता येईल."

वैजयंतीबाई आतापर्यंत दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. आलेल्या माणसासाठी काही करायची त्यांना सवय नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चहा टाकला, भरपूर आलं घालून.